पन्नाशीनंतर प्लांटवर : समज आणि वस्तुस्थिती

कुरकुंभ एमआयडीसीत रासायनिक आणि औषधी कारखान्यांची दाटी आहे. नव्वदच्या दशकात इथे ऐन विशीत लागलेली दौंड, पांढरेवाडी, मळदची पोरं आता पन्नाशीत आहेत. ‘आता यांच्याच्यानं होत नाही’ हे त्यांच्याबद्दलचं वाक्य प्लांटवर सर्रास ऐकू येतं. ते किती खरं आहे?

वयाबरोबर चुका वाढतात, हा सर्वांत घट्ट बसलेला समज. अ‍ॅक्सेल ब्योर्श-सुपान आणि मथियास वाइस या अभ्यासकांनी जर्मनीत मर्सिडीजच्या ट्रक कारखान्यात जुळणी करणाऱ्या गटांच्या चुका मोजल्या. वयस्क कामगारांच्या किरकोळ चुका किंचित जास्त निघाल्या, पण गंभीर चुका कमी. रासायनिक प्लांटवर तर गंभीर चूकच जीव घेते. रिअ‍ॅक्टरच्या स्टररचा आवाज बदलला, की जुना ऑपरेटर अलार्मची वाट न पाहता जॅकेटचं पाणी बघायला निघतो. हे कान तयार व्हायला वर्षं लागतात.

नजर मात्र खरोखरच कमी होते. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसू लागतं आणि त्याच कामाला जास्त उजेड लागतो. इथे एक गोष्ट बारकाईनं बघा. नंबरच्या चष्म्यावर सेफ्टी गॉगल चढवला की घामानं दोन्ही काचांवर वाफ धरते. मग माणूस दोन्हींपैकी एक काढतो. चष्मा काढला तर ड्रमवरचं लेबल वाचता येत नाही, गॉगल काढला तर डोळा उघडा पडतो. सुपरवायझर याला निष्काळजीपणा म्हणतो. उपाय साधा आहे : नंबर घातलेला सेफ्टी चष्मा, मोठ्या अक्षरांची लेबलं आणि गेजवर एक दिवा.

‘एवढा खर्च कोण करणार?’ बीएमडब्ल्यूनं 2007 मध्ये डिंगॉलफिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम सरासरी 47 वर्षांचे कामगार ठेवले. काय बदलायचं हे बरंचसं त्यांनाच विचारलं. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, भिंगं, स्क्रीनवर मोठी अक्षरं असे सुमारे 70 छोटे बदल झाले. कामगारांच्या वेळेची किंमत धरून खर्च आला जेमतेम 40,000 युरो, आणि वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे ड्रम उचलायची ट्रॉली आणि हाताच्या उंचीवर आणलेला व्हॉल्व्ह एवढ्यानंही कंबरेवरचा बराच भार उतरेल. आणि हे तरुणांच्या कंबरेलाही हवंच आहे.

खुर्चीवर बसलेला माणूस कामचुकार, हाही गैरसमजच. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करणं 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 44 नंच बंधनकारक केलं होतं. मेहेरबानीचा प्रश्न कधीच नव्हता.

58 म्हणजे निवृत्ती, असं अनेक कामगारही धरून चालतात. 58 हे ईपीएफच्या पेन्शन योजनेचं वय. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत निवृत्तीचं वय 60 होतं, करारानं वेगळं ठरलं नसेल तर. त्यामुळे आधी आपला करार वाचा.

शेवटचा समज सर्वांत घातक : आरोग्य तपासणी म्हणजे घरी बसवायची तयारी. या भीतीपोटी लोक रक्तदाब लपवतात, कमी ऐकू येतं तेही सांगत नाहीत. ही भीती घालवणं व्यवस्थापनाच्या हातात आहे. ‘अनफिट’ शेरा आला की गेटबाहेर, असं एकदा जरी घडलं तरी पुढे कुणी खरं बोलणार नाही. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची निदान 12 महिन्यांतून एकदा तपासणी कारखाने कायद्याच्या कलम 41-सी नं सांगितली होती. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही त्या कायद्यात कामगारच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनुसार 40 वर्षांवरील कामगारांची वार्षिक तपासणी मोफत व्हायला हवी. पण कंत्राटी माणसाचे ठेकेदार बदलत राहतात आणि जुने अहवाल गहाळ होतात. सर्वांत जास्त नुकसान त्याचंच होतं.

म्हणून कामगार बांधवांनो, यंदाची तपासणी झाली की अहवालाची प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. आणि सेफ्टी कमिटीतल्या मंडळींनो, पुढच्या बैठकीला पन्नाशीचे दोन ऑपरेटर बोलवा आणि काय बदलायचं ते त्यांनाच विचारा.