कमान असते, पण कमानदार असतेच असे नाही

नवी मुंबई, प्रतिनिधी - गणेशोत्सव जवळ आला की वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या रस्त्यांवर 'स्वागत कमानी' उभ्या राहू लागतात. दोन बाजूंना दोन खांब आणि वर सरळ आडवा फलक! या रचनेला कमान म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी तिला 'कमानदार' म्हणावयास कोणाची जीभ सहजी वळणार नाही.

'कमान' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. फारसीत 'कमानदार' म्हणजे धनुर्धारी. मराठीत मात्र डौलदार, पाणीदार यांप्रमाणे हा शब्द गुणवाचक झाला आणि धनुष्यासारखा बाक असलेले ते कमानदार, असा अर्थ रूढ झाला. म्हणूनच दरवाजा आणि पूल जसे कमानदार, तशाच भुवयाही. घड्याळाच्या स्प्रिंगलाही कमान म्हणत. भरभराटीची 'चढती कमान' तर आजही बोलण्यात आहे.

अर्धवर्तुळाकार आणि कमानदार हे शब्द मात्र एक नव्हेत. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाची मधली कमान माथ्याशी टोकदार आहे. ती कमानदार खरी, अर्धवर्तुळाकार नाही. 'महिरप' हा शब्द अरबी 'मिहराब'वरून आला. नक्षीदार, वळणावळणाच्या कडेसाठी तो शोभतो. शाळकरी मुलांना तो महिरपी कंसामुळे ठाऊक असतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दगडी कमानीतील पाचरीसारखा प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो. भार खाली आणि बाहेरच्या बाजूला जातो, म्हणून दोन्ही अंगांना भक्कम भिंती लागतात. बाकामुळेच ती उभी राहते. खांबांवरच्या सपाट फलकाला हा आधार नसतो. उलट तो वारा अंगावर घेतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. तो फलक आकाराने कितीतरी मोठा होता, पण वाऱ्याचे गणित लहान फलकालाही चुकत नाही. अशा रचनेस कागदोपत्री 'खांबांवरील फलक' म्हणणेच अधिक प्रामाणिक ठरेल.

घराचे काम काढणाऱ्यांनीही 'कमानदार दरवाजा हवा' एवढेच सांगून भागत नाही. माथा गोल की टोकदार, आणि बाकाची उंची किती, हे मिस्त्रीला आधीच सांगावे लागते.