समुद्राचं रील इंदुरात कसं टिकेल?

समुद्रावर गळ टाकण्यासाठी रील घेताना बहुतेक जण किंमत बघतात, नाहीतर डब्यावर छापलेला बेअरिंगचा आकडा. इंदूरहून सुट्टीत मालवण, देवगड किंवा गोव्याला जाऊन गरवणाऱ्यांना या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. गळाला लागल्यावर मासा कसा पळतो, हे बघून रील निवडावं. आणि घरी परतल्यावर त्यातलं मीठ काढायला आपण किती वेळ देणार, हे मनाशी ठरवून मग पैसे मोजावेत. यातली दुसरी गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यापेक्षा इंदूरकराला अधिक लागू पडते, कारण त्याचं रील वर्षातले बहुतेक महिने कपाटात असतं.

आधी माशाचं बघू. सुरमई लागली की सरळ रेषेत सुसाट सुटते, आणि बघता बघता शंभर मीटर दोर ओढून नेते. तिथे 5000 ते 6000 नंबरचं, अडीचशे-तीनशे मीटर वेणीचा दोर मावेल असं स्पिनिंग रील हवं. तिचे दात धारदार, म्हणून पुढे तारेचा तुकडाही हवा. जिताड्याची गोष्ट उलटी. खाडीत तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसणारा हा मासा लांब पळत नाही. पहिल्या दोन-तीन हिसक्यांतच मुळांत शिरू बघतो. तिथे दोराच्या लांबीला महत्त्व नाही, त्याला जागीच रोखणाऱ्या ताकदीला आहे. 4000 नंबरचं दणकट रील पुरतं. खडकाळ तळाच्या गोब्र्याला वर उचलायचं असतं, म्हणून त्याच्यासाठी कमी गिअर रेशोचं, हळू पण जोर लावून ओढणारं रील बरं. बांगड्याला 2500 नंबर पुष्कळ झाला.

या सगळ्यात खरं काम ड्रॅगचं. स्पूलमधल्या चकत्या एकमेकींवर घासत ठरलेल्या ताणाला दोर सोडतात, म्हणून तो तुटत नाही. हा ताण दोराच्या तुटण्याच्या क्षमतेच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका ठेवतात. म्हणजे तीस पौंडी, साधारण साडेतेरा किलोच्या दोराला साडेतीन ते साडेचार किलो. बोटांच्या अंदाजावर विसंबू नये. सामान तोलायचा हातकाटा दोराला अडकवून मोजावं. आणखी एक हिशेब डब्यावर कुणी छापत नाही. दोर सुटत जातो तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास घटतो. तो निम्मा झाला, की ड्रॅगला हात न लावताही दोरावरचा ताण दुप्पट होतो. सुरमईच्या लांब धावेत दोर शेवटी शेवटी तुटतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून मोठं स्पूल घ्यायचं आणि धाव लांबली की ड्रॅग थोडा सैल करायचा.

आता मिठाचं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार गिअरमध्ये, दोराच्या वेणीत आणि लाइन रोलरच्या फटीत बसून राहतात. इंदूरची हवा कोरडी, इथे काय गंजणार, असं कुणी म्हणेल. एप्रिल-मेच्या दुपारपुरतं ते पटतं. पण मीठ 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर जेमतेम 33 टक्क्यांनाच ओलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरची हवा बऱ्याचदा 75 च्या वर असते. नेमकं तेव्हाच खवळलेल्या समुद्रामुळे गरवणं बंद असतं आणि रील कपाटात पडून असतं. ॲल्युमिनियमची बॉडी, पितळी पिनियन, पोलादी स्क्रू असे वेगवेगळे धातू खारट ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते, आणि झीज ॲल्युमिनियमची होते. दिवाळीत रील काढल्यावर स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते, ती हीच.

मग महागडं सीलबंद रीलच घ्यावं, असं सुचेल. सीलचा फायदा निश्चित होतो. पण आयपीएक्स-5 हा शेरा पाण्याच्या फवाऱ्यापुरता आहे, बुडवण्यासाठी नाही. शिवाय सीलचं रबर जुनं होतं, आणि स्पूलवरचा ओला दोर सीलच्या बाहेरच असतो. बेअरिंग दहा असली तर गंजायच्या जागाही दहा. वर्षातून दोनदा समुद्रावर जाणाऱ्याने मध्यम किमतीचं, चांगल्या ड्रॅगचं रील घेऊन ते धुवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुणं सोपं आहे, क्रम मात्र चुकवू नये. आधी ड्रॅगची चावी घट्ट आवळायची, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. मग गार गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं, गरम पाण्याने ग्रीस सुटतं, बादलीत बुडवणंही नको. मग दोरासकट स्पूल काढून, चकत्यांत पाणी जाऊ न देता, वेगळं धुवावं. हे मुक्कामीच, त्याच संध्याकाळी उरकावं. परतीच्या प्रवासात मीठ वाळू देऊ नये. घरी पुन्हा धुताना नर्मदेचं नळाचं पाणी असेल तर उत्तम. बोअरचं जड पाणी मीठ काढतं, पण स्वतःचा चुना मागे ठेवतं. म्हणून लगेच कोरड्या फडक्याने पुसावं. सावलीत वाळवून लाइन रोलर, हँडलची मूठ आणि बेलचा सांधा इथे तेलाचा एकेक थेंब द्यावा. गिअरला ग्रीसच हवं. कपाटात ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, नाहीतर चकत्या दबून बसतात.

नर्मदेवर वापरलेलं रील समुद्रावर चालेल का? धक्क्यावरून बांगडा धरायला, लगेच धुतलं तर, खुशाल न्यावं. सुरमईसाठी नेऊ नये. आणि नवीन घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारावं: या मॉडेलच्या ड्रॅगच्या चकत्या आणि लाइन रोलरचं बेअरिंग सुटं मिळतं का? मिळत नसेल, तर ते रील घेऊ नये.