पीएच.डी.चा हिशेब

गणेशखिंडीत १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. आजचे ग्रंथालय त्यांच्याच नावाचे. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

इथे पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाचा खरा ताण वेळेचा आणि पैशाचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षे. फेरनोंदणी केल्यास आणखी दोन मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावरही दोन. महिला संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, आणि ती मागताना कुणीही संकोच करू नये. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊनही मार्गदर्शक मिळेपर्यंत अनेक जण ताटकळतात.

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, त्यानंतर ४२,०००. एकूण पाच वर्षे. म्हणजे सहाव्या वर्षी प्रबंध लिहायचा तो पदरमोड करून. ही तफावत धोरणकर्त्यांनी मिटवायलाच हवी. बार्टी आणि सारथी या पुण्यातल्याच संस्था अधिछात्रवृत्ती देतात. विद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘कमवा व शिका’ योजनेत विभाग, ग्रंथालय, बागेत तासाप्रमाणे काम मिळते. खेड्यातून आलेल्या कित्येकांच्या मेसचे बिल त्यावरच भागते.

ताण असह्य झाला, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. जरूर बोला.