नळींतील काडतुसें आणि घरांतील जबाबदारी

भाईंदरच्या खाडीकांठीं उभें राहिलें कीं पैलतीरीं वसईचा किनारा दिसतो. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें तेथील पोर्तुगीजांचा किल्ला घेतला, ही कथा आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असते. परंतु त्या निकराच्या हल्ल्यांत तटाखालीं पेरलेला एक सुरुंग उशिरां उडाला आणि भगदाडांतून आंत शिरणारे आपलेच वीर त्यांत बळी पडले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. दारूला आपपरभाव नसतो. ती केव्हां पेटेल हें तिच्या मांडणीवर ठरतें, धन्याच्या हेतूवर नव्हे. एका घरगुती प्रसंगानें ही गोष्ट आम्हांस नुकतीच पुन्हां आठवली.

भाईंदर येथील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील वडीलधारे आजोबा निवर्तले. त्यांच्या कपाटांत परवान्याची एक जुनी रायफल होती. चापाभोंवतालची कडी खालीं ओढून पुन्हां मिटली कीं नवें काडतूस आपोआप चढावें, अशा तरफेच्या जातीची ती होती. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही समाचारास गेलों, तों थोरल्या नातवानें ती रायफल आणि काडतुसांचा डबा बैठकीवर मांडलेला. काडतुसें एकाच मापाचीं. पण कांहींच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या, तर कांहींच्या सुईसारख्या अणकुचीदार. नळींत किती मावतात हें त्याला पाहावयाचें होतें.

"काकू, दोन्ही जातींचीं नीट बसतील. मग बिघडलें कुठें?" तो म्हणाला.

काकूंनीं बंदुकीस कधीं हात लावलेला नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "बसलीं म्हणजे चालतात असें तुला कुणीं सांगितलें? जाणत्या माणसाला विचारल्यावांचून एकहि आंत घालायचें नाहीं."

काकूंचा हा आग्रह किती योग्य होता हें आम्हीं त्याला समजावून दिलें. तेंच येथें थोडक्यांत लिहितों.

या जातीच्या बहुतेक रायफलींत काडतुसांची पेटी नसते. मुख्य नळीच्या खालीं दुसरी एक पातळ पत्र्याची नळी असते. तींत काडतुसें एकामागें एक निजलेलीं असतात आणि पुढच्या टोकाची स्प्रिंग त्यांस मागें रेटीत असते. म्हणजे मागच्या गोळीचें तोंड पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतें. आतां बहुतेक मोठ्या काडतुसांची टोपी नेमकी त्याच बुडाच्या मध्यभागीं असते. सुईचा ठोका बसला कीं टोपी पेटते आणि टोपीमुळें दारू. गोळीचें तोंड चपटें असेल तर दाब सगळ्या बुडावर पसरतो. तें अणकुचीदार असेल तर मात्र तें टोकच सुईचें काम करूं शकतें. पहिला बार उडतांच रायफल मागें धक्का देते, नळींतील सारी रांग हादरते, आणि एखादें टोक टोपीवर आदळून काडतूस नळींतच फुटूं शकतें, त्याबरोबर शेजारचींहि. नेम धरणाराचा डावा हात त्याच नळीला लागून असतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे संकट केवढें तें निराळें सांगावयास नको. रायफल हातांतून जोरानें आपटली तरीहि हेंच भय आहे.

हा दोष कारागिरांस ठाऊक नव्हता असें नाहीं. १८६० च्या सुमाराची अमेरिकेंतील हेन्री रायफल नळीचीच होती. पण तिच्या काडतुसांत पेटविणारा मसाला बुडाच्या कांठांत असे, म्हणून टोकाचें भय नव्हतें. आजच्या लहान ·२२ काडतुसांचीहि रचना तशीच आहे. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीपासून मध्यभागीं टोपी असलेलीं काडतुसें प्रचारांत आलीं, तेव्हां गोळ्या चपट्या तोंडाच्याच ठेवल्या. १८९४ च्या प्रसिद्ध विंचेस्टरसाठींहि हाच नियम राहिला. फ्रेंचांची १८८६ ची लेबेल रायफल तरफेची नव्हती, पण तिचीहि नळी अशीच होती. त्यांनीं १८९८ मध्यें टोकदार गोळी स्वीकारली, तेव्हां मागचें टोक टोपीवर न येतां बाजूस अडावें म्हणून काडतुसाच्या बुडावर गोल खांचणी ठेविली आणि टोपीवर झांकण बसविलें. जॉन ब्राउनिंगनें १८९५ च्या विंचेस्टरला नळीऐवजीं पेटीच दिली. अलीकडे मऊ, लवचिक टोंकाच्या गोळ्या खास नळीसाठीं निघाल्या आहेत. तात्पर्य, माप जुळणें पुरेसें नाहीं. 'नळीच्या रायफलीसाठीं' असें कारखान्यानें स्पष्ट सांगितलेलींच काडतुसें योग्य.

आमच्या भागांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. भाईंदर ही मिठागरांची भूमि. येथील वारा खारा आणि दमट. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. काडतुसांचीं कवचेंहि पितळेचींच असतात. हिरवा थर चढलेलीं, चिरलेलीं वा वर्षानुवर्षें डब्यांत पडलेलीं काडतुसें घांसून पुसून वापरण्याचा मोह मुळींच धरूं नये.

पण या सर्वांहून मोठा प्रश्न कायद्याचा. परवाना माणसाच्या नांवाचा असतो, कपाटाच्या नव्हे. परवानाधारक गेला कीं शस्त्र घरांत ठेवण्याचा अधिकारहि संपतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें तें शस्त्र व दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. वारसास तें हवें असेल तर २०१६ च्या नियमांनुसार त्यानें आपल्या नांवाचा परवाना मागावा. मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठीं १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे; अर्ज तेथें करावयाचा. तोंवर रायफलीची तरफ ओढून पाहणें, नळी रिकामी करूं जाणें, हे उद्योग घरीं करूं नयेत. एखादें काडतूस आंत अडकून राहिलेलें बाहेरून दिसत नाहीं. आधीं पोलीस ठाण्यास कळवावें, आणि तीं कशीं आणावीं हें त्यांनाच विचारावें.

धाकट्या काकांस प्रथम हें रुचलें नाहीं. वडिलांची वस्तु परक्याच्या स्वाधीन करणें म्हणजे त्यांचा अनादर, असें त्यांना वाटलें. तेव्हां काकू म्हणाल्या, "मामंजींनीं ही बंदूक घरांत कधीं भरून ठेवली नाहीं. त्यांची आठवण ठेवायची तर तीच ठेवूं या." दुसऱ्या दिवशीं काकांनीं स्वतःच ठाण्यास कळविलें.

मध्यंतरीं आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों होतों. कपाटाचा तो खण रिकामा होता. आजोबांच्या चष्म्याशेजारीं जमा केल्याची पावती नीट घडी घालून ठेविलेली होती, आणि नातवानें त्या खणाला कुलूप लावण्याचें आतां कारण उरलें नाहीं म्हणून किल्ली काकूंच्या हातीं परत दिली होती.