किकच्या आधीचं छायाचित्र

छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. जे आलं ते चुकत चुकत आलं. त्यातली एक चूक मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली. पावसाळ्यात तिथे रग्बी खेळतात. सामन्याआधी एक खेळाडू एकटाच किकचा सराव करत होता. बूट चेंडूला भिडतो तो क्षण मला हवा होता. ४० छायाचित्रं काढली. प्रत्येकात चेंडू एक तर जमिनीवर, नाही तर हवेत.

घरी येऊन हिशेब मांडला. बूट आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचा साधारण शंभरावा भाग टिकतो. माझा कॅमेरा सेकंदाला पाचच छायाचित्रं घेतो. शटरचा वेग वाढवला की चित्र रेखीव येतं. पण हवा तो क्षण सापडेलच असं नाही. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३४ साली वेस फेस्लर यांची किक टिपली. तो चेंडू अमेरिकी फुटबॉलचा, पण रग्बीसारखाच लांबट. बूट त्यात खोल रुतलेला दिसतो. निमिषभरही न टिकणाऱ्या विजेच्या लखलखाटाने त्यांनी तो क्षण गोठवला होता.

माझ्याकडे तशी साधनं नव्हती. पण सरावात तीच कृती पुन्हा पुन्हा होते. म्हणून पुढच्या वेळी कॅमेरा खाली ठेवून मी नुसता पाहत राहिलो. चेंडू बसवणं, मोजकी पावलं मागे, एक-दोन बाजूला, खांबांकडे नजर, एक श्वास. रग्बीच्या दोन खांबांत ५.६ मीटर अंतर असतं आणि आडवी दांडी ३ मीटर उंच. एवढ्या जागेसाठी त्याचा प्रत्येक श्वास ठरलेला होता.

तेव्हा इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन आठवला. किकआधी दोन्ही हात जुळवून किंचित वाकलेली त्याची छबी जगभर पोहोचली. मात्र २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळ संपत आलेला असताना त्याने ऑस्ट्रेलियावर २०-१७ असा विजय मिळवून देणारा ड्रॉप गोल मारला, तेव्हा हात जुळवायला उसंतच नव्हती. शिवाय तो डावखुऱ्या पायाचा; ती किक उजव्या पायाची. त्या किकच्या छायाचित्रात विजय दिसतो, पण तो उजवा पाय घडला रिकाम्या मैदानांवर.

पावलं मोजून बटण दाबायला लागल्यावर स्पर्शाचा क्षणही एकदा मिळाला. तरी भिंतीवर लावलंय ते दुसरंच छायाचित्र : रिमझिम पाऊस, चेंडू जागच्या जागी आणि खांबांकडे पाहत थांबलेला तो.