पोकलेनच्या पडद्यावरचा आकडा

मे महिना सरत आला की मोताळा तालुक्यात खोदकामाची घाई सुरू होते. तलावातला गाळ, नाल्याचं खोलीकरण, शेततळं, जे काही करायचं ते मृगाच्या आत. धामणगाव बढेच्या शिवारात एकदा जोराचा पाऊस झाला की काळ्या मातीत चेनवरचं पोकलेनसुद्धा रुततं. नेमक्या याच दिवसांत इंजिनाची ताकद एकाएकी उतरते, डिस्प्लेवर दिवा लागतो आणि एक आकडा उमटतो. मग ऑपरेटर, यंत्राचा मालक आणि गाळ न्यायला ट्रॅक्टर घेऊन रांगेत थांबलेले शेतकरी, सगळ्यांचाच खोळंबा होतो.

बुलढाणा जिल्ह्यात या यंत्रांवर पाण्याचं बरंच काही अवलंबून राहिलं आहे. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये आली. पुढच्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' या मोहिमेत जिल्ह्यात शंभरावर जेसीबी आणि पोकलेन उतरवली. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती तलाव-नाल्यांतून काढायची, म्हणजे रस्ताही होतो आणि पाणीसाठाही वाढतो, ही कल्पना 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर गेली. अशा कामात यंत्र दोन दिवस बंद पडणं म्हणजे तेवढा गाळ वर्षभर तलावातच राहणं.

म्हणून त्या आकड्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. नव्या इंजिनांत डिझेल किती आणि कधी सोडायचं हे इसीएम नावाचा छोटा संगणक ठरवतो. तेलाचा दाब, रेडिएटरच्या पाण्याचं तापमान, डिझेलचा दाब ही माहिती त्याला सेन्सरकडून मिळते. दाबाच्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. एकीतून 5 व्होल्ट जातात, दुसरी ग्राउंडची, तिसरीतून सेन्सरचा निरोप परत येतो. हा निरोप साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान असतो. तो या हद्दीबाहेर गेला की इसीएम कोड नोंदवतं.

अवजड यंत्रांच्या अनेक कंपन्या 'एसएई जे1939' ही पद्धत वापरतात. तिच्यात कोडचे दोन भाग असतात. पहिला, एसपीएन, तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो: 100 म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, 110 म्हणजे कूलंटचं तापमान, 157 म्हणजे कॉमन रेलमधला डिझेलचा दाब. दुसरा, एफएमआय, बिघाडाची जात सांगतो. 0 म्हणजे प्रमाण धोकादायकरीत्या जास्त, 1 म्हणजे धोकादायकरीत्या कमी. 3 म्हणजे वायरीवर व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी. मिस्त्रीला फोन करताना पहिला आकडा सांगितला जातो आणि दुसरा राहून जातो. खरं मोल दुसऱ्याचंच आहे.

1962 पासून पुण्यात असलेल्या कमिन्सच्या इंजिनांत हा फरक स्वच्छ दिसतो. कंपनीच्या स्वतःच्या यादीत 135, 141 आणि 415 हे तिन्ही कोड ऑइलच्या दाबाचेच आहेत. पहिले दोन सेन्सरच्या सर्किटचे: वायर तुटली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं किंवा सेन्सर खराब झाला. 415 मात्र दाब खरोखर घसरल्याचा इशारा आहे. तो आला तर इंजिन त्याच क्षणी बंद करावं, ऑइलची पातळी बघावी आणि साधा यांत्रिक गेज लावून दाब मोजावा. सेन्सरवर संशय घेत यंत्र चालू ठेवलं तर बेअरिंग जातात, क्रँकशाफ्ट जातो, आणि तो खर्च छोट्या मालकाला झेपणारा नसतो.

कोड सर्किटचा असला तरी लगेच नवा सेन्सर मागवू नये. कूलंटच्या दोन वायरींच्या सेन्सरची परीक्षा शेतातही होते. कनेक्टर काढला की इसीएमला सर्किट तुटलेलं दिसतं आणि व्होल्टेज जास्त असल्याचा कोड येतो. हार्नेसच्या बाजूच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की कोड उलटून व्होल्टेज कमीचा व्हायला हवा. तसा झाला तर वायरिंग आणि इसीएम ठीक, संशय सेन्सरवर. बदललाच नाही तर दोष वायरीत किंवा इसीएममध्ये. तीन वायरींच्या सेन्सरवर हा प्रयोग अंदाजाने करू नये, 5 व्होल्टची वायर थेट ग्राउंडला टेकू शकते.

एकदम चार-पाच सेन्सरांचे कोड आले तर? इतके सेन्सर एका वेळी मरत नाहीत. अनेक सेन्सर 5 व्होल्टचा एकच पुरवठा वाटून घेतात. त्यातल्या एकाच्या आत शॉर्ट झाला किंवा वायर घासून बॉडीला लागली की बाकीचेही ओरडू लागतात. मल्टिमीटर त्या वायरीवर धरून एकेक कनेक्टर काढत जायचं. ज्याच्या काढण्याने 5 व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार.

डिझेलच्या दाबाची गोष्ट आणखी वेगळी. 157 बरोबर 18, म्हणजे दाब गरजेपेक्षा कमी, असं दिसलं तर सेन्सर बहुधा खरंच बोलत असतो. साइटवर डिझेल ड्रममधून येतं आणि त्यासोबत धूळ-पाणीही येतं. आधी फिल्टर, वॉटर सेपरेटर आणि पंपाकडे येणाऱ्या नळीतून हवा ओढली जाते का ते तपासावं. एक गोष्ट मात्र कदापि करू नये: चालू इंजिनावर हाय-प्रेशर पाइपचा नट सैल करणं. जुन्या इंजिनांवर शिकलेल्या हातांना ती सवय असते. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. केसाएवढी धारही कातडीत शिरते आणि बोट गमवावं लागू शकतं.

पॅनेलवर अॅक्टिव्ह आणि जुने कोड वेगळे दिसतात. बॅटरी काढण्यापूर्वी किंवा कोड पुसण्यापूर्वी त्यांचा फोटो काढावा, कितीदा आला आणि तेव्हा तास-मीटर किती होतं तेही टिपावं. कोड फक्त भर दुपारी, भरलेली बकेट उचलताना येत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ बघावी. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून यंत्र अर्धा तास पूर्ण लोडवर चालवावं, आणि पॅनेल पुन्हा उघडून बघावं.