मिथ्योपदेश आणि विजेच्या उपकरणांचा व्यापार

१९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ ज्या मच्छे गावी आहे, तेथील ग्राहकासही दुकानात विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. तो शब्द किती फसवा असू शकतो, हे इन्व्हर्टरच्या उदाहरणावरून पाहू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास वीज असते. ‘३०० वॅटचा भार ६ तास चालेल,’ असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. परंतु काही वीज रूपांतरातच खर्ची पडते, भार वाढला की बॅटरीची क्षमताही घटते, आणि बॅटरी वारंवार पूर्ण रिती केल्यास तिचे आयुष्य कमी होते. म्हणून साडेतीन-चार तासांहून अधिक भरवसा देणे उचित नव्हे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत पहिला मिथ्योपदेश. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मालाच्या गुणवत्तेविषयीचे खोटे विधान, मग ते तोंडी का असेना, अनुचित व्यापारप्रथा ठरविले आहे. नोकराच्या अज्ञानाची जबाबदारी पेढीच्या मालकावरच येते, असे आम्ही मानतो. यास्तव सभासद बंधूंनी ग्राहकाचा भार विचारून हिशेब पावतीवर लिहून द्यावा आणि ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा मानू नये.